लाजेची फी

घरातली मुलगी ‘मला पार्लरचा कोर्स करायचाय’ असं म्हणाली की आपल्याकडे आधी जरा शांतता पसरते. आईला गॅसवर काहीतरी ठेवलेलं आठवतं, बाबा वाचून झालेला पेपर पुन्हा उघडतात. आणि मग एखादी शहाणी काकू म्हणते, ‘अगं पार्लर काय म्हणतेस, कॉस्मेटॉलॉजी म्हण!’ की सगळ्यांचे चेहरे खुलतात. त्यात ‘लॉजी’ आहे ना. बायॉलॉजीसारखं. लग्नाच्या बायोडेटात लिहायला बरं.

मंडळी, या एका शब्दबदलाची किंमत सध्या दीड-दोन लाख रुपये आहे. ती भरायला लोक सोनं गहाण टाकतायत, हप्ते बांधून घेतायत, आणि त्या पैशांत मुलीला कात्री धरता येईल याची हमी कुणीच देत नाही. ही फी शिकवण्याची नाहीच आहे. आपल्याला त्या कामाची जी लाज वाटते ना, ती झाकायची ही फी आहे. अकॅडमीवाल्यांना आपली ही लाज आपल्यापेक्षा चांगली कळलेली आहे, म्हणून तर त्यांच्या रिसेप्शनवर ऑर्किडची फुलं असतात.

(काकू, तुम्ही हे वाचताय हे मला माहीत आहे. रागावलात तर फोन करा, पण पूर्ण वाचून करा.)

गेल्या वर्षभरात नात्यातल्या आणि ओळखीतल्या तीन मुलींसाठी मी या कोर्सेसच्या चौकशा केल्या. माहितीपत्रकांचा एक गठ्ठाच घरात जमला आहे. सगळीकडे तीच गुळगुळीत भाषा. आंतरराष्ट्रीय डिप्लोमा, शंभर टक्के प्लेसमेंट, आयएसओ प्रमाणित, सरकारमान्य. एका ठिकाणी समुपदेशक म्हणून बसलेल्या मुलीला मी विचारलं, ‘हे केल्यावर लायसन्स मिळतं का?’ ती म्हणाली, ‘मिळतं ना मॅम, इंटरनॅशनल मिळतं.’ आणि लगेच पुढचं वाक्य, ‘आज बुकिंग केलंत तर तीस टक्के सवलत आहे.’ मी अकॅडमीचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण पुढच्या चौकातल्या अकॅडमीत हेच संवाद पुन्हा ऐकायला मिळतात.

तर लायसन्स. आपल्या देशात भुवया कोरायला, केस कापायला किंवा फेशियल करायला व्यक्तीला परवाना लागतो असा कायदाच नाही. डॉक्टरला लागतो, वकिलाला लागतो, रिक्षा चालवायला लागतो. पार्लरवालीला नाही. धंदा सुरू करायचा तर दुकानाची नोंद करायची. आता महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे मोजकीच माणसं कामाला असतील तर नुसती सूचना देऊनही भागतं. म्हणजे दोन लाखांचा डिप्लोमा भिंतीवर टांगलेली मुलगी आणि मावशीच्या हाताखाली शिकलेली मुलगी, कायद्याच्या नजरेत दोघी सारख्याच. हे वाईट आहे का? थोडं आहे. कुणीही कुणाच्याही तोंडाला ब्लीच फासू शकतं हे काही कौतुकाचं नाही. पण जे अस्तित्वातच नाही ते ‘मिळतं ना मॅम’ म्हणून विकणं त्याहून वाईट आहे.

मग त्या कागदांना काहीच अर्थ नाही का? काहींना आहे. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजी नावाचा एक वर्षाचा ट्रेड आहे (बघा काकू, तिथेही ‘लॉजी’ आहे!). दहावी पास लागतं, शेवटी अखिल भारतीय परीक्षा होते आणि केंद्र सरकारचं नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट मिळतं. हा खराखुरा सरकारी कागद. दुसरा प्रकार ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलच्या प्रमाणपत्रांचा. असिस्टंट ब्यूटी थेरपिस्ट, ब्यूटी थेरपिस्ट, हेअर स्टायलिस्ट अशा पायऱ्या ठरवून दिलेल्या आहेत आणि प्रत्येक पायरीला काय काय यायला हवं तेही लिहिलेलं आहे. तिसरा म्हणजे सिडेस्को. ही संस्था १९४६ पासूनची, मुख्यालय झुरिकला. तिचा ब्यूटी थेरपीचा डिप्लोमा जगात चालतो हे खरं, पण त्याला किमान १२०० तासांचं प्रशिक्षण लागतं. आता रोज चार तास, आठवड्याचे पाच दिवस धरा. १२०० तास व्हायला साठ आठवडे लागतात. वर्षापेक्षा जास्त. त्यामुळे तुम्हाला कुणी ४५ दिवसांत ‘इंटरनॅशनल’ देत असेल तर कुठलं राष्ट्र ते एकदा विचारा.

आणि ते आयएसओ! आयएसओचा शिक्का कारभाराच्या पद्धतीवर असतो. नोंदी नीट ठेवता का, तक्रारींची दखल घेता का वगैरे. शिकवणाऱ्या बाईंचा हात कसा आहे याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

‘मग आयटीआय का नाही?’ असं मी तिन्ही घरांत विचारलं. एका घरात तर माझ्याकडे असं बघितलं गेलं की मी पोरीला खडी फोडायला पाठवा म्हणाले. ‘तिथे फिटर-वेल्डरची मुलं असतात हो.’ असतात. त्यात काय झालं? सरकारी आयटीआयची फी खासगी अकॅडमीच्या एका महिन्याच्या हप्त्यात भागेल. तिथलं सगळं छान आहे असं मी म्हणत नाहीये. जागा मोजक्या, सगळ्या गावांत हा ट्रेड नाही, साहित्य वेळेवर येत नाही अशा तक्रारी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. नखांवरची नवी कलाकुसर तिथे शिकायला मिळेल अशी आशा धरू नये. पण वर्षभर रोज जायचं, हजेरी लागायची, परीक्षा द्यायची, आणि वर्षाच्या शेवटी डोक्यावर कर्ज नसतं. शिवाय पुढे एखाद्या मोठ्या सलूनमध्ये अप्रेंटिस म्हणून राहता आलं तर आपण पैसे देण्याऐवजी आपल्यालाच स्टायपेंड मिळतो. एवढं सगळं ‘आयटीआय’ या तीन अक्षरांपाशी अडतं. पुन्हा लाज. मुलगी त्याच कात्रीने तेच केस कापणार आहे, पण काचेचा दरवाजा हवा.

आता कोर्स कसा निवडायचा यावर येते. माझी मामेबहीण डोंबिवलीला चोवीस वर्षं पार्लर चालवते. एक गाळा, दोन खुर्च्या, मागे पडदा. ती उल्हासनगरच्या एका सिंधी बाईंच्या हाताखाली दीड वर्ष होती, पहिले तीन महिने नुसते केस झाडणं आणि टॉवेल धुणं. तिला मी ही सगळी माहितीपत्रकं दाखवली. तिने चष्मा लावून एकेक उलटून पाहिलं आणि म्हणाली, ‘यात डोकी कुठे आहेत?’

मला कळेना. ती म्हणाली, ‘किती डोक्यांवर हात चालवायला मिळणार ते लिहिलेलंच नाहीये कुठे.’

खरंच नव्हतं. नव्वद विषयांची यादी होती. ब्रायडल, एचडी, एअरब्रश, केराटिन, नेल एक्स्टेन्शन, अरोमाथेरपी, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट. पण मुलगी प्रत्यक्ष किती जिवंत माणसांचे केस कापणार, किती भुवया करणार, याचा आकडा एकाही पत्रकात नव्हता. त्यानंतर मी जिथे जिथे फोन केला तिथे हा एकच प्रश्न विचारला. उत्तरं ऐकण्यासारखी होती. ‘आम्ही डमीवर भरपूर प्रॅक्टिस देतो.’ ‘मॉडेल तुम्ही आणायचं.’ ‘बॅचमधल्या मुली एकमेकींवर करतात.’ आता वीस मुलींच्या बॅचमध्ये प्रत्येकीच्या भुवया महिन्यातून एकदा वाढणार. जोड्या लावल्या तर महिन्याला एक गिऱ्हाईक. सहा महिन्यांत किती झाल्या ते तुम्हीच मोजा.

थ्रेडिंग ज्यांनी फक्त करून घेतलं आहे त्यांना ते सोपं वाटतं. दोऱ्याचं टोक दातात, दोन्ही हातांच्या बोटांत पीळ, आणि तो पीळ केसाच्या मुळाशी अचूक सरकवायचा. जरा तिरका गेला की कातडी चिमटते. कातडी नीट ताणलेली नसेल तर कापते. आणि हे सगळं करताना समोरची बाई डोळ्यांतून पाणी काढत असते, तिला शिंक येते, तिचा फोन वाजतो. डमीला शिंक येत नाही. वॅक्सिंगचंही तसंच. लावायचं केस वाढतात त्या दिशेने, ओढायचं उलट दिशेने, हे दोन मिनिटांत सांगून होतं. पण मेण किती गरम चालेल, काखेतलं कसं, मधुमेह असलेल्या बाईच्या पायावर करायचं की नाही, गर्भार बाईच्या पोटावर ‘कर गं पटकन’ म्हटलं तर काय उत्तर द्यायचं, हे दहा-वीस जणी समोर आल्याशिवाय समजत नाही. मामेबहीण म्हणते की पहिल्या शंभर भुवया भीतीच्या असतात, त्यानंतर हात बसतो. म्हणून डोकी मोजायची. आणि भुवया मोजायच्या.

दुसरा प्रश्न रसायनांचा. केस रंगवण्याच्या डेव्हलपरवर १०, २०, ३०, ४० असे आकडे असतात. ते अनुक्रमे ३, ६, ९ आणि १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. हे न कळता चाळीसचा डबा डोक्यावर ओतणारी मुलगी डिप्लोमाधारक असू शकते. काळ्या रंगात बहुधा पीपीडी असतं, त्याची काहींना भयंकर ॲलर्जी येते, म्हणून ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आत थोडंसं लावून बघायचं असतं. ‘काळी मेंदी’ म्हणून जी मिळते तिच्यातही पुष्कळदा हेच असतं. केस सरळ करण्याच्या काही द्रावणांतून गरम इस्त्रीखाली फॉर्मॅल्डिहाइड बाहेर पडतं. त्याचा धूर गिऱ्हाईक वर्षातून एकदा घेतं आणि काम करणारी मुलगी रोज घेते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मॅल्डिहाइडला माणसांत कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. कोर्समध्ये हे शिकवतात का, खोलीला खिडकी आहे का, हातमोजे देतात का, हे विचारलं पाहिजे. मी विचारलं तर एका ठिकाणी उत्तर आलं, ‘आमचे सगळे प्रॉडक्ट्स ब्रँडेड आहेत.’ घ्या!

पण ज्या गोष्टीने मला हे लिहायला बसवलं ती वेगळीच आहे. अलीकडे ‘क्लिनिकल कॉस्मेटॉलॉजी’ नावाची एक पाटी लागायला लागली आहे. बारावी पास चालतं, कुठलीही शाखा, मुदत तीन महिने. त्यात लेझर, केमिकल पील, सुयांनी त्वचा टोचणं, रक्तातून काढलेला प्लाझ्मा डोक्यात टोचणं, ओठ फुगवणं. शेवटी मुलीला पांढरा कोट घालून फोटो काढतात. त्या फोटोसाठी आईबाप पैसे भरतात हो! डॉक्टर होता आलं नाही, निदान कोट तरी.

या सगळ्या गोष्टी वैद्यकीय आहेत. त्वचारोगतज्ज्ञ एमबीबीएस करून त्यावर तीन वर्षांचं एमडी करतो तेव्हा कुठे हे करतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये केशरोपण आणि सौंदर्यशस्त्रक्रियांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत स्पष्ट म्हटलं आहे की कार्यशाळा पाहून किंवा यूट्यूबवर बघून झालेलं शिक्षण अशा कामासाठी पुरेसं नाही. हे डॉक्टरांसाठी! मग तीन महिन्यांच्या कोर्सवाल्या एकोणीस वर्षांच्या मुलीचं काय? सावळ्या कातडीवर लेझर चुकलं तर भाजल्याचे डाग राहतात. तेव्हा अकॅडमी येत नाही पुढे. गिऱ्हाईक पोलिसात जातं आणि तिथे नाव त्या मुलीचं असतं. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ आणि ‘डर्मेटॉलॉजिस्ट’ हे दोन शब्द कानाला सारखे लागतात, या एका गोष्टीवर हा धंदा उभा आहे. काकू, तुमच्या त्या ‘लॉजी’ची ही पुढची पायरी आहे, म्हणून मी एवढी चिडले आहे.

आमच्या अमेरिकेतल्या नातेवाइकांनी एव्हाना मनात म्हटलं असेल, ‘आमच्याकडे असं नाही, आमच्याकडे लायसन्स असतं.’ असतं, मान्य. प्रत्येक राज्याचं वेगळं, आणि तासांवर मोजलेलं. कॅलिफोर्नियात कॉस्मेटॉलॉजीला १६०० तास लागायचे, २०२२ पासून ते १००० केले. इथला कुठलाही ‘इंटरनॅशनल’ कागद तिथे लायसन्सच्या जागी चालत नाही, हे लग्न करून तिकडे जाणाऱ्या मुलींनी लक्षात ठेवावं. पण तासांचा हिशोबही किती पोकळ असू शकतो ते तिथल्याच एका खटल्यात दिसलं. टेक्सासमध्ये आपल्याकडचं थ्रेडिंग करणाऱ्या लोकांना सरकारने सांगितलं की तुम्हाला ७५० तासांचा कोर्स करून लायसन्स घ्यावं लागेल. त्यांनी कोर्टात धाव घेतली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली पटेल खटल्यात थ्रेडिंगवाल्यांच्या बाजूने निकाल दिला, कारण ७५० पैकी ३२० तासांपर्यंतचा भाग त्यांच्या कामाशी संबंधित नव्हता. म्हणजे दोऱ्याचा पीळ येणाऱ्या माणसाने, दोऱ्याशी देणंघेणं नसलेले तास विकत घ्यायचे. इथे लायसन्स नाही म्हणून फसवणूक आणि तिथे लायसन्स आहे म्हणून तास विकणं. दोन्हीकडे मुलीचा हात शेवटी राहतो.

बरं, शिकून झालं. पुढे काय? ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ याचा अर्थ बहुतेक वेळा असा की एखाद्या साखळी सलूनमध्ये ज्युनियर म्हणून उभं राहायचं. बेसिनपाशी शॅम्पू, जमिनीवरचे केस, सीनियरच्या हातात क्लिपा देणं. मामेबहिणीने हे सिंधी बाईंकडे फुकटात केलं होतं, तेच. यात कमीपणा नाही, शिकण्याची तीच रीत आहे. फक्त त्यासाठी आधी दोन लाख का भरायचे ते मला कुणी समजावून सांगा. समजा सुरुवातीचा पगार बारा हजार मिळाला आणि त्यातले चार हजार हप्त्याला गेले. दोन लाख फेडायला पन्नास महिने, व्याज सोडून. चार वर्षांहून जास्त. तेवढ्यात मुलीचं लग्न ठरतं आणि हप्ते बापाच्या खात्यातून जायला लागतात.

पगाराखेरीज कमिशन असतं, पण त्याला टार्गेट असतं. फेशियल करताना गिऱ्हाइकाला सीरम खपवायचं. हे कुणी कोर्सच्या आधी सांगत नाही. काही मुलींना ते छान जमतं, काहींना प्रत्येक ‘मॅम, तुमची स्किन खूप ड्राय झालीये’ म्हणताना लाज वाटते. (ही लाज मात्र चांगली.)

मग ॲपवरून घरी जाऊन काम करण्याचा मार्ग आहे. २०१४ मध्ये अर्बनक्लॅप नावाने सुरू झालेली आणि २०२० पासून अर्बन कंपनी म्हणून ओळखली जाणारी कंपनी यातली सगळ्यात मोठी. चांगली कमाई करणाऱ्या मुली तिथे आहेत, उगाच नाकारत नाही. स्वतःची स्कूटर, स्वतःचं बँक खातं, नवऱ्याला विचारावं लागत नाही. पण ऑक्टोबर २०२१ मध्ये याच कंपनीच्या गुरुग्रामच्या कार्यालयाबाहेर ब्यूटिशियन बायका धरणं धरून बसल्या होत्या. वाढतं कमिशन, दंड, कंपनीकडूनच माल घेण्याची सक्ती, अशा तक्रारी होत्या. डिसेंबरात पुन्हा बसल्या तेव्हा कंपनी आंदोलकांविरुद्ध कोर्टात गेली. त्या मुली कंपनीच्या कागदावर नोकर नव्हत्या, ‘पार्टनर’ होत्या. पुन्हा एक गोड शब्द! या क्षेत्रात जितका शब्द गोड तितकं खाली वाकून बघावं.

आणि तिसरा मार्ग, स्वतःचं. मला विचाराल तर बहुतेकींची खरी कमाई इथेच आहे, आणि तिला वेळ लागतो. मामेबहिणीचं वर्ष कसं चालतं सांगते. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू, तेव्हापासून मेपर्यंत नवऱ्या मुली, त्यांच्या आया, करवल्या. मुलीला नऊवारी नेसवणं, खोपा घालणं, मुंडावळ्या बांधल्यावर मेकअप बिघडणार नाही असा करणं, हे तिचं हुकमी काम. त्यासाठी ती पहाटे चारला हॉलवर असते. चातुर्मासात लग्नं नसतात, पण गौरी-गणपती आणि नवरात्र हात देतात. अधिक महिना आला की एक पूर्ण महिना कोरडा. हा हिशोब तिला पाठ आहे, आणि कुठल्याच अकॅडमीत तो शिकवत नाहीत. सप्टेंबर २०२५ पासून या सेवांवरचा जीएसटी अठरावरून पाच टक्क्यांवर आला, पण त्याबरोबर मालावर भरलेल्या कराची वजावट गेली. तिची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली आहे म्हणून तिला दोन्हीचं सोयरसुतक नाही. पण समोरच्या साखळी सलूनने दर उतरवले की गिऱ्हाइकं तिच्याकडे येऊन ‘ताई, तुम्ही पण कमी करा ना’ म्हणतात. त्यांना काय उत्तर द्यायचं तेही करिअरच आहे.

शरीराचं कुणी बोलतच नाही. दिवसाचे आठ-दहा तास उभं राहणं. मामेबहिणीच्या पायांच्या शिरा फुगल्या आहेत, दोन वर्षांपासून ती घट्ट मोजे घालते. दातात दोरा धरून धरून पुढच्या दातांची कड झिजली आहे. उजवा अंगठा सकाळी दुखतो. तरी तिने या कामावर दोन मुलं शिकवली आणि गाळा विकत घेतला. तिच्या नवऱ्याची कंपनी बंद पडली तेव्हा घर दीड वर्ष या दोन खुर्च्यांवर चाललं. त्या दीड वर्षात तिच्याकडे जेवायला येऊन गेलेले आमचे काही नातेवाईक आज मला विचारतात, ‘पार्लरमध्ये भविष्य आहे का गं?’

म्हणून आता थोडं कडू बोलते. ही लाज येते कुठून? कुणी तोंडाने बोलत नाही, पण ती जातीतून येते. केस कापणं, दुसऱ्याच्या पायाला हात लावणं, नखं काढणं हे ‘आपलं’ काम नव्हे, हे मनात कोरलेलं आहे. ज्या नाभिक समाजाने हे काम पिढ्यान्‌पिढ्या केलं, ज्यांच्यात संत सेना महाराज झाले, त्यांच्याकडे मुलगा बापाच्या खुर्चीशेजारी उभा राहून शिकला. फी नाही, डिप्लोमा नाही, आणि दाढीचा वस्तरा मानेवर चालत असताना आपण कधी सर्टिफिकेट मागितलं नाही. लग्नात, मुंजीत, बारशात त्यांना बोलावलं, पण पंगतीत कुठे बसवलं ते आपल्या आज्यांना विचारा. आता तेच काम आपल्या घरातली मुलगी आवडीने करू म्हणतेय, तर आपल्याला मधे काचेचा दरवाजा, पांढरा कोट आणि परदेशी शिक्का हवा आहे. पेडिक्युअर करायला वाकणाऱ्या मुलीला ‘दुसऱ्यांचे पाय धरायचे का?’ म्हणणाऱ्या आत्यांनी मागच्या महिन्यात स्वतः कितीचं पेडिक्युअर करून घेतलं, तेही सांगावं.

नात्यातली जी मुलगी यंदा निघाली आहे तिच्यासाठी मी जे सुचवलं ते असं. आयटीआयचा अर्ज भरायचा. नंबर लागला तर उत्तमच. नाही लागला तर जवळचं एखादं साधं, स्किल कौन्सिलच्या पायऱ्यांप्रमाणे शिकवणारं केंद्र बघायचं, पण पैसे भरण्याआधी तिथे दोन दिवस नुसतं बसून किती गिऱ्हाइकं येतात ते मोजायचं. बसू देत नसतील तर उठून यायचं. फी परत मिळण्याचे नियम लेखी घ्यायचे, किटमध्ये काय काय आहे त्याची यादी घ्यायची, हप्त्याच्या कागदावर सही करताना कर्ज कुठल्या वित्तसंस्थेचं आहे ते वाचायचं, कारण कोर्स अर्धवट सोडला तरी ते कर्ज सुटत नाही. दर शनिवार-रविवार मामेबहिणीच्या पार्लरमध्ये उभं राहायचं. सुरुवातीला टॉवेल धुवायचे. मामेबहीण तयार आहे, मुलगी तर एका पायावर तयार आहे. अडलंय ते मुलीच्या वडिलांपाशी. त्यांनी दोन लाख बाजूला काढून ठेवले आहेत आणि ते ‘चांगल्या ठिकाणी’च भरायचेत.

दादा, ते पैसे राहू द्या. दोन वर्षांनी तिला एक हायड्रॉलिक खुर्ची लागेल, शॅम्पूचं बेसिन लागेल, स्टीमर, वॅक्स हीटर, अवजारं निर्जंतुक करायचं यंत्र, मोठा आरसा, आणि गाळ्याचं डिपॉझिट. तेव्हा द्या. पाटीसुद्धा त्यातच होईल. पाटीवर काय लिहायचं ते तिला ठरवू दे. मला विचारलंत तर मी ‘पार्लर’च लिहा म्हणेन, लांबून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत.